भाजी किती लांबून आली?

प्रश्न वाचकांचे

पावसाळा लागला की जेवणाखाण्याबद्दलची पत्रं वाढतात. या महिन्यात मात्र बहुतेकांनी एकच विचारलंय: आपण जे खातो त्यानं हवेत किती कार्बन जातो, आणि हंगामातलं, जवळचं खाल्लं तर तो खरंच कमी होतो का? मी आहारतज्ज्ञ नाही. कृषी महाविद्यालयात शिकले आणि नंतर तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर बरीच वर्षं हिशेब लिहिला. राहायला पहिल्यापासून कळव्यात. त्यामुळे माझी उत्तरं हिशेबानंच जातात: माल कुठून आला, कशानं आला, किती विकला गेला आणि किती फेकला.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. कॉलेजातल्या मुलीनं घरात जाहीर केलंय, की यापुढे शंभर किलोमीटरच्या आत पिकलेलंच खायचं. म्हणजे नाशिकचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, आग्र्याचा बटाटा सगळं बाद. दर रविवारी गाडी काढून सात किलोमीटरवरच्या सेंद्रिय बाजारातून भाजी आणतो. सासूबाईंना हे सगळं खूळ वाटतं. ताई, खरं काय ते सांगा.
— एक वाचक, मानपाडा

मुलीची कळकळ मला मनापासून पटते. तिनं हातात घेतलेली मोजपट्टी तेवढी बदलू या, कारण नुसते किलोमीटर मोजले तर हिशेब चुकतो.

नारायणगावचा टोमॅटोच घ्या. तिथून आपल्याकडे साधारण दीडशे किलोमीटर. दहा टन माल भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो असं धरा. येताना भरलेला, जाताना रिकामा, दोन्ही मिळून ७५ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे झाले २०० किलो. ते दहा हजार किलो टोमॅटोवर वाटले, तर किलोमागे २० ग्रॅम. तुर्भ्याहून ठाण्याला येणाऱ्या टेम्पोचे आणखी १०-१५ ग्रॅम धरा.

आता तुमची रविवारची फेरी. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, गर्दीत गाडी लिटरला बारा देते असं समजू. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो. म्हणजे फेरीला अडीच किलोहून जास्त. पाच किलो भाजी आणलीत, तर किलोमागे अर्ध्या किलोच्या वर कार्बन गाडीनंच चढवला. नारायणगावहून ठाण्यापर्यंतच्या सगळ्या प्रवासाच्या पंधरापट हे झालं. त्या बाजारातल्या शेतकऱ्यांना भाव मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा जा, पण बसनं जा, किंवा सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एकाच गाडीत जा. रोजच्या भाजीसाठी घराखालचा हातगाडीवाला आणि पायी जाता येईल ती मंडई यांच्याइतकं हलकं काही नाही. नौपाड्यातली माणसं पिशवी घेऊन चालत जांभळी नाक्याला जातात. सासूबाईंनीही तेच केलं असणार.

हे माझ्या एकटीच्या पाटीवरचं गणित नाही. ऑक्सफर्डच्या जोसेफ पूअर यांनी थॉमस नेमेसेक यांच्याबरोबर ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. माणसामुळे हवेत जाणाऱ्या उष्णतावाढीच्या वायूंपैकी साधारण २६ टक्के अन्नामुळे जातात, असं त्यातून निघालं. त्या २६ टक्क्यांच्या आत वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के आहे. बाकीचं बहुतेक शेतात, गोठ्यात आणि जमिनीच्या वापरात घडतं.

एका वाहनाला मात्र माफी नाही, ते म्हणजे विमान. टनामागे, किलोमीटरमागे विमान जहाजाच्या जवळजवळ पन्नासपट कार्बन सोडतं. आपल्याच तुर्भ्याच्या फळबाजारात नोव्हेंबर-डिसेंबरात मलावीचा हापूस येतो. कोकणातून नेलेल्या काड्यांवर आफ्रिकेत वाढलेला हा आंबा विमानानं उतरतो. साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर. किलोमागे सहा किलोच्या आसपास कार्बन नुसत्या प्रवासाचा. तोच हापूस एप्रिलमध्ये रत्नागिरीहून ट्रकनं येतो तेव्हा हा आकडा ५० ग्रॅमच्या आत असतो. त्यामुळे दिवाळीनंतर आंब्याची पेटी दिसली तर हात आवरा. उलट जहाजानं आलेलं परदेशी सफरचंद आणि ट्रकनं आलेलं काश्मिरी सफरचंद यांच्यात वाहतुकीचा फरक वाटतो तेवढा नसतो. तिथे मी हंगाम बघते: ऑगस्ट ते ऑक्टोबरचं हिमाचल-काश्मीरचं ताजं घ्यावं, उन्हाळ्यात आपली कलिंगडं, जांभळं, ताडगोळे असताना सफरचंद लागतं कशाला?

हंगामाला मी अंतरापेक्षा वरचं स्थान देते, त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये थंडीत काचघर तापवून पिकवलेल्या टोमॅटोपेक्षा स्पेनच्या उन्हात पिकून ट्रकनं आलेला टोमॅटो कार्बनच्या हिशेबात हलका ठरतो. जवळचा असूनही तिथला टोमॅटो हरतो, कारण त्याला अवेळी वाढवायला इंधन जाळावं लागतं. आपल्याकडे काचघर तापवावं लागत नाही. आपल्याकडे बिनहंगामी मालाची किंमत दुसऱ्या रीतीनं मोजावी लागते, ती नासाडीनं.

ही नासाडी मी रोज बघितली आहे. भर पावसात पहाटे नाशिककडून मेथी यायची, ओल्या गोणपाटात बांधलेली. वरच्या जुड्या टवटवीत. गोणीच्या मधोमध हात घातला की आत चक्क गरम लागायचं. दाबून भरलेला ओला पाला आतून तापतो. तिथली जुडी पिवळी, चिकट, कुबट वासाची. ती तिथेच फेकायची. जे गाळ्यावर फेकलं त्याचं पाणी, खत, डिझेल सगळं आधीच खर्च झालेलं असतं, आणि तो खर्च उरलेल्या जुड्यांच्या माथी बसतो. हीच मेथी डिसेंबरात आली तर गोणीच्या तळापर्यंत हिरवीगार. म्हणून पावसाळ्यात मेथी-पालकाचा हट्ट धरू नये. दोडका, पडवळ, भोपळा, काकडी, भेंडी, अळू घ्यावं. हंगाम ओळखायला तक्ता लागत नाही. ढीग वाढला आणि भाव पडला, की त्या भाजीचे दिवस आले. भाजीवाल्याला ‘आवक कशाची जास्त आहे?’ एवढं विचारा, तो बरोबर सांगतो.

तेव्हा नाशिकचा कांदा आणि आग्र्याचा बटाटा खुशाल खा. त्याऐवजी दोन ठिकाणी बघा. एक, ताटात. वर सांगितलेल्या अभ्यासातल्या जगाच्या सरासरीनं एक किलो चीजमागे २० किलोहून जास्त कार्बन पडतो, तांदळामागे चार किलोच्या आसपास, आणि बहुतेक डाळी-कडधान्यांमागे एक-दोन किलो. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा मिथेन निघतो, पाणी साचलेल्या भातखाचरातूनही मिथेनच निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट जड पडतो. भात सोडा असं मी कोकणातल्या कुणाला सांगणार नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पनीरऐवजी मसुराची आमटी किंवा मुगाची उसळ, आणि भाताऐवजी नाचणीची भाकरी, एवढं केलंत तरी शंभर किलोमीटरच्या नियमापेक्षा पुष्कळ जास्त साधेल. नाचणी शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर होते. तिला साठलेलं पाणी लागत नाही. मुलीचा नियमही त्यात आपोआप पाळला जातो.

दुसरं, ओट्याखालची बादली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. चार माणसांच्या घराचे २२० किलो झाले. हे डम्पिंगवर दाबलं गेलं की हवा न लागता कुजतं आणि पुन्हा मिथेन सोडतं. मुलीला सांगा, एक महिना घरातून काय काय फेकलं जातं ते वहीत लिही. कोथिंबिरीची काळी पडलेली अर्धी जुडी, फ्रीजच्या कोपऱ्यातली परवाची उसळ, ‘दोन घेतल्या तर स्वस्त’ म्हणून आणलेली फ्लॉवरची गड्डी. त्या वहीतून तिला जे कळेल ते मी इथे लिहून कळणार नाही.

जूनमध्ये ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बाईकडून हौसेनं शेवळं घेतली. भाजी खाल्ल्यावर सगळ्यांचा घसा इतका खाजला की उरलेली टाकून दिली. रानभाज्यांचं एवढं कौतुक होतं, पण शहरातल्या माणसानं त्यांच्या वाटेला जावं का?
— एक वाचक, कळवा

जावं, पण करायची रीत विचारून जावं. शेवळात खाज असतेच. सुरणाच्या कुळातली वनस्पती आहे ती. वरचा तपकिरी-जांभळा पापुद्रा काढायचा, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग कापून टाकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथेच साठलेली असते. उरलेला भाग बारीक चिरून तेलावर चांगला परतायचा. आणि शेवळाबरोबर काकडं घ्यायचीच. काकड म्हणजे काकडी नव्हे. हिरवी, आवळ्याएवढी आंबट रानफळं, शेवळं विकणारीच्या टोपलीत बाजूला असतात. ती ठेचून त्यांचा रस घातला की खाज मरते. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल भरपूर घाला. कोलंबी किंवा भिजवलेली चणाडाळ घालून केलेली शेवळं ही ठाणे जिल्ह्यातल्या पावसाची पहिली भाजी. ज्या घरात ती होते तिथे लोक वर्षभर तिची वाट बघतात.

शेवळं आता संपली. सध्या टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आहे. श्रावणात कर्टुली येतील. टाकळा कोवळा असेपर्यंतच घ्या, फुलावर आला की चरबट होतो. या भाज्यांना नांगर लागत नाही, खत लागत नाही, पंप लागत नाही. शहापूर, मुरबाड, कर्जतहून बायका डोक्यावर पाटी घेऊन लोकलनं येतात; तो प्रवासही विजेवरचा. कार्बनच्या हिशेबात याच्याहून हलकी भाजी मला माहीत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाण्याची आपली रीत आठवा; त्या दिवशीच्या भाजीतही हाच विचार असतो.

माझी एकच विनंती आहे. घासाघीस करू नका. पहाटे रान तुडवून, भिजत आलेली ती बाई दहा रुपयांना वाटा देते, तेव्हा तिला आठ रुपयांवर आणणं मला सहन होत नाही. आणि कंदासकट उपटलेली रोपं कुणी विकत असेल तर घेऊ नका. कंद जमिनीत राहिला तरच पुढच्या पावसात शेवळं दिसतील. अनोळखी पाला स्वतः येऊरला जाऊन तोडायचा मोह तर अजिबात नको. तिथलं रान राष्ट्रीय उद्यानाचं आहे आणि विषारी पाला ओळखायला नजर लागते.

आमच्या घरामागे रेल्वेरुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा पिकतो. याहून स्थानिक काय असणार? तो घ्यावा ना?
— एक वाचक, दिवा

नको. तिथे पाणी कुठलं घालतात ते एकदा सकाळी उभं राहून बघा. बहुतेक ठिकाणी नाल्यातून पंपानं उपसलेलं असतं. सांडपाण्यातले जड धातू मुळांवाटे पानांत शिरतात. मिठाच्या पाण्यानं धुऊन ते निघत नाहीत, शिजवूनही जात नाहीत. पालेभाजी ते जास्त शोषून घेते. पिकवणारा माणूस कष्टाळू आहे, त्याच्याशी माझं वैर नाही, पण लहान मुलांच्या पोटात ती भाजी जाऊ नये. त्यापेक्षा हंगामात दीडशे किलोमीटरवरून आलेला पालक घ्या.

आम्ही मूळचे उरणचे, आता नेरुळला. मासळीशिवाय जेवण जात नाही. मुलं म्हणतात पर्यावरणासाठी मासे सोडा. जुलैतही बाजारात सुरमई-पापलेट दिसतं, ते घ्यावं का?
— एक वाचक, नेरुळ

मासे सोडू नका. जुलैतलं पापलेट तेवढं सोडा.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, हे तुम्हाला उरणच्या माणसाला मी सांगायला नको. मासे गाभोळीवर असतात तो हा काळ. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते, म्हणून जूनच्या उत्तरार्धात तिकडची मासळी बर्फात घालून ट्रकनं इकडे येते. नाहीतर शीतगृहातली असते. दोन्हींत बर्फ आणि वीज फार जाते. आपल्या आज्यांनी हे दोन महिने सुकटीवर काढले. उन्हाळ्यात बांबूच्या वलांडीवर सुकलेल्या बोंबलाला वाळायला फक्त ऊन आणि वारा लागलेला असतो, आणि ठेवायला कोरडा डबा. जवळा, सुकट, सोडे, वाकट्या: आषाढातल्या जेवणाला एवढं पुरतं. खरेदी मात्र मे महिन्यात करायची, आणि कडक वाळलेलीच बघून घ्यायची.

नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी आली की बांगडा, तारली, मांदेली जास्त घ्या. ही थव्यानं फिरणारी मासळी एका फेरीत भरपूर मिळते, त्यामुळे किलोमागे डिझेल कमी जळतं. कोलंबीसाठी ट्रॉलर तासन्‌तास तळाशी जाळं ओढत राहतो, तिला डिझेल सगळ्यात जास्त. ती सणासुदीला ठेवा. बोटभर लांबीची सुरमई किंवा रुपयाएवढं पापलेट कुणी ‘स्वस्त आहे’ म्हणून पुढे केलं तर घेऊ नका. त्या पिल्लांना अंडी घालायची संधीच मिळालेली नसते.

जानेवारीत स्वस्त असताना मी वर्षाचे मटार सोलून फ्रीजरमध्ये भरते. जागा पुरत नाही म्हणून यंदा वेगळा डीप फ्रीजर घ्यायचा विचार आहे. हंगामातलं साठवणं चांगलंच ना?
— एक वाचक, खारघर

घरातल्या फ्रीजमध्ये आहे तेवढ्या जागेत मटार भरणं चांगलं. फ्रीज तसाही चालूच असतो. पावसाळ्यात हिमाचलहून येणाऱ्या महागड्या मटारापेक्षा ते बरेच. वेगळा डीप फ्रीजर मात्र घेऊ नका. दिवसाला एक युनिट धरलं, तरी आपल्या देशातली वीज अजून बरीचशी कोळशाची असल्यानं युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो. वर्षाचे अडीचशे किलो झाले. दहा-वीस किलो मटारासाठी हा खर्च कुठल्याही हिशेबात बसत नाही.

मटार संपले की कडव्या वालांकडे या. खारघर रायगडातच आहे आणि वाल हे रायगडाचंच पीक. भाताची कापणी झाली की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे युरियाही जवळजवळ लागत नाही. युरिया बनवायला नैसर्गिक वायू खर्च होतो, आणि शेतात टाकल्यावर त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. वालाच्या शेतात यातलं बरंचसं टळतं, आणि शेंगा वाळून दाणा कडक झाला की तो फ्रीजशिवाय वर्षभर टिकतो.

वालांच्या बिरड्याला वेळ लागतो, अशी तक्रार तुम्ही करणार. वेळ लागतो तो हाताला, गॅसला नाही. रात्री भिजत घाला, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून अंगठ्यानं दाबलं की साल सुटून डाळिंबी बाहेर येते. सोललेली डाळिंबी झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर लवकर शिजते; कुकरला लावली तर मोडून लगदा होतो. राजमा-छोले न भिजवता शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून शिजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की १४.२ किलोचा एक सिलिंडर संपतो तेव्हा सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. पाण्यात भिजवायला काहीच जळत नाही.

नवे वाल होळीच्या आसपास यायला लागतात. पेण-रोह्याकडे कुणाचं गाव असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा, घरचे वाल लवकर संपतात. आणले की दोन दिवस कडक ऊन दाखवून, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर जूनमध्ये भुंगा लागतो.